आवाज चालू असताना कोट मिळणार नाही

निकोदिम सावेलिचनं आयुष्यात एकही कविता लिहिली नाही. एकोणीसशे एकोणीसच्या पेत्रोग्रादमध्ये माणूस लक्षात राहायला एवढंही पुरे होतं. पाव नव्हता, लाकूडफाटा नव्हता, ट्राम नव्हती. कवी मात्र जिन्याजिन्यावर सापडायचे. आमच्या गल्लीतला दंतवैद्यसुद्धा दात उपटण्याआधी स्वतःच्या चार ओळी ऐकवायचा. बधिर करायचं औषध संपलेलं होतं, त्यामुळे लोक ऐकून घ्यायचे.

सावेलिच फोंतान्का कालव्यावरच्या आमच्या कविगृहात कोट सांभाळायचा. येणाऱ्यानं दारातल्या लाकडी कठड्यावर ओव्हरकोट ठेवायचा, सावेलिचनं तो खुंटीला लावून पितळी बिल्ला द्यायचा; जाताना बिल्ला परत, कोट परत. आमच्याकडे येण्याआधी त्यानं चौतीस वर्षं एका संगीत नाट्यगृहात हेच काम केलं होतं. तिथला निळा गणवेशाचा कोट त्याच्या अंगावर अजून होता. बटणांवरचे झारचे गरुड त्यानं सतरा सालीच कानस मारून घालवले होते, पण बटणं रोज पुसायचा.

नाट्यगृहातून त्यानं एक नियमही सोबत आणला होता. आत रंगमंचावर आवाज चालू असेल तोवर कोट मिळणार नाही. गाणं असो, भाषण असो, कविता असो, संपल्यावर या. एकदा एका मंत्र्याच्या घराला आग लागली तरी त्याला आपण अंक संपेपर्यंत थांबवलं होतं, असं तो सांगायचा. मंत्र्याचं नाव मात्र दर खेपेला वेगळं असायचं.

आमच्याकडे हा नियम वापरायची वेळच येत नव्हती. दिवाणखान्यातली भट्टी ऑक्टोबरातच बंद पडली होती. डिसेंबरात आत उणे चार. छताच्या घुमटाची एक काच फुटली होती, तिथून बर्फाची भुकटी सावकाश खाली यायची आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्च्यांवर साचायची. वितळण्याचा प्रश्नच नव्हता. सगळे कोट, टोप्या, लोकरी बूट घालूनच बसायचे. वाचणाऱ्याच्या तोंडातून शब्दाबरोबर वाफ निघायची आणि त्याच्या डोक्यावर तरंगत राहायची. कविता लांब असली तर शेवटी कवी दिसायचाच नाही, फक्त पांढरा ढग आणि त्यातून येणारा आवाज. बाहेर चारलाच अंधार पडायचा. शहर इतकं गप्प झालं होतं, की कालव्यापलीकडच्या बाईची घसरगाडी बर्फावरून गेली तरी ऐकू यायची. मला तेव्हा वाटायचं, हे शहर गाढ झोपलं आहे आणि आम्ही सगळे त्याचं झोपेतलं बडबडणं आहोत.

सावेलिच रिकाम्या एकशे साठ खुंट्यांपुढे स्टुलावर बसून राहायचा. दिवाणखान्याचं दार बोटभर उघडं ठेवायचा. ऐकतो का असं विचारलं तर म्हणायचा, "ऐकत नाही. संपलं कधी ते कळायला हवं ना."

जानेवारीत नगर समितीच्या एका खात्याकडून कागद आला. अनावश्यक नोकर कमी करायचे होते, पाहणीला कॉम्रेड पाखोमोव येणार होते. आमच्याकडे नोकर तीन. मी चिटणीस होतो, म्हणजे कागद माझ्याकडे होते, म्हणजे मी आवश्यक. झाडूवाली बाई पाणीही आणायची. उरला सावेलिच. तीन महिन्यांत त्यानं एकही कोट घेतलेला नव्हता.

जागा गेली की शिधापत्रिका जाणार आणि कोटघरामागची खोलीही. खोली कसली, फळीचा पलंग मावेल एवढा कोपरा. पण शेजारच्या खानावळीच्या चुलीचं नळकांडं त्याच्या भिंतीतून जायचं. त्या हिवाळ्यात तो कोपरा म्हणजे जीव होता. गावी, वोलोग्द्याला, भावजय होती. तिला त्यानं पत्र टाकलं. उत्तर आलं: 'या, पण पीठ घेऊन या.' पीठ असतं तर तो कशाला गेला असता!

मी ही गोष्ट कवींच्या बैठकीत मांडली. आमच्याकडे तीन पंथ होते. प्रतीकवाद्यांच्या मते दिसतं ते जग हा नुसता पडदा, खरं सगळं त्याच्या मागे. त्यांचे ज्येष्ठ प्लातोन आर्सेनिच तुमानिन, पांढरी दाढी, बीव्हरच्या फरची कॉलर. भविष्यवाद्यांच्या मते तो पडदा फाडून त्याचे पायजमे शिवायला हवेत. त्यांचा म्होरक्या मकार दुबिन. त्याचा ओव्हरकोट बिलियर्डच्या टेबलाच्या हिरव्या बनातीतून शिवलेला होता. तिसरी रिम्मा ल्वोव्नाची मंडळी. त्यांचं म्हणणं, पेला म्हणजे पेला, उगाच त्याला काही म्हणायला जाऊ नये.

"सोपं आहे," रिम्मा ल्वोव्ना म्हणाली. "पाहणीच्या दिवशी सगळ्यांनी कोट काढून द्यायचे. कोट खुंटीवर, माणूस आत. झालं."

"आत गारठून मरू," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग छोटं वाचा. नाहीतरी तुमच्या शेवटच्या कडव्यांची गरज नसतेच."

तुमानिननी दाढीवरून हात फिरवला. "माझा कोट मी आनंदानं देईन. पण तो दुबिनच्या कोटाशेजारी लागणार नाही."

"का हो, प्लातोन आर्सेनिच?" दुबिन म्हणाला. "माझ्या कोटाकडून तुमच्या कोटाला क्रांती लागेल?"

"उवा लागतील."

त्यावर पाऊण तास वाद झाला. सावेलिच दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी तोच खाकरला.

"तुमचा कोट मी पहिल्या ओळीत लावीन, प्लातोन आर्सेनिच. तशा ओळीत पूर्वी सिनेटरांचे लागायचे."

"आणि माझा, सावेलिच?" दुबिननं विचारलं.

"तुमचा कुठेही चालेल, मकार येगोरिच. तो खुंटीशिवायही उभा राहतो."

ठराव एकमतानं मंजूर झाला. आमच्या दप्तरात एकमताचा तो एकच ठराव आहे.

पाहणीच्या दिवशी त्रेसष्ट कोट जमा झाले. सावेलिचला मी तसा कधी पाहिला नव्हता. प्रत्येक कोटाच्या खांद्यावरचं बर्फ तो तळहातानं झटकायचा, गळपट्टा बाहीत कोंबायचा, कुठला बिल्ला कुणाला हे न बघता द्यायचा. पाखोमोव तिशीतला होता, पूर्वी वायबोर्ग भागातल्या पाइपांच्या कारखान्यात होता. कातडी जॅकेट घालून आला. समोर रांग दिसली म्हणून तोही रांगेत उभा राहिला, आणि सगळे देतायत म्हणून त्यानंही जॅकेट दिलं. त्या दिवसांत रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग चौकशी करायची, अशी सवयच लागली होती.

वाचन सुरू झालं. रिम्मा ल्वोव्नाची मंडळी आठ-आठ ओळी वाचून मोकळी झाली. दुबिन वाचताना उड्या मारायचा, त्यामुळे त्याला बरं होतं. आम्ही स्वेटरांत आणि बनियनांत, हात काखेत, पाय खुर्चीच्या दांडीवर. आणि मग प्लातोन आर्सेनिच उठले.

खरं तर ठरलं होतं छोटं काहीतरी. पण समोर साठ माणसं कोटाशिवाय बसली आहेत, अगदी जुन्या काळी बसायची तशी, हे पाहून त्यांचं काय झालं कोण जाणे. त्यांनी बासनातून एकवीस भागांची कविता काढली. तिच्यात एका संध्याकाळी सगळं शहर नांगर उचलून हळूच समुद्राकडे निघतं. आधी बेटं सुटतात, मग घरं एकेक करून, चुलीवरच्या भांड्यांसकट, झोपलेल्या माणसांसकट. कालवे मागे राहतात, आणि रस्त्यांवरचे दिवे जिथल्या तिथे हवेत लटकत राहतात. पाचव्या भागापर्यंत मला पायांची बोटं जाणवेनाशी झाली होती. सातव्यापर्यंत जमीन खरंच डोलू लागली होती. आता म्हणतात, तो उपासाचा परिणाम. असेल.

दहाव्या भागाला पाखोमोव उठून बाहेर गेला. मी धास्तीनं मागोमाग गेलो. कोटघरापुढे तो हात चोळत उभा होता.

"बेचाळीस नंबर. जॅकेट द्या. सहाला मला तंबाखूच्या कारखान्यात पोचायचंय."

"देतो, मालक... कॉम्रेड. थोडं थांबावं लागेल. आत आवाज चालू आहे."

"मग?"

"आवाज चालू असताना कोट मिळणार नाही."

"हा नियम कुणी केला?"

"ठाऊक नाही. मी कामाला लागलो तेव्हा होता."

"तेव्हाचे सगळे नियम आम्ही रद्द केलेत, आजोबा."

"हो, भिंतीवर यादी वाचली मी. त्यात हा नव्हता."

पाखोमोवनं माझ्याकडे पाहिलं, मी खुंट्यांकडे. मग तो अगदी शांतपणे म्हणाला, "तुमच्या जागेचा कागद त्या जॅकेटच्या खिशात आहे. ठेवायची की काढायची, मी अजून लिहिलेलं नाही."

"असणार. डावी बाजू जड लागली मला."

"सावेलिच," मी म्हटलं, "आजच्या दिवस..."

"चिटणीससाहेब, द्यायला काय, देता येतं. हात वर केला की झालं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "पण आत सगळे कुडकुडत बसलेत ते कशावर? कुणालाच मिळणार नाही, म्हणून. एकाला मिळाला की दुसरा उठतो. मग सगळी रांगच उठते. आणि तो म्हातारा शहर अर्ध्या वाटेवर घेऊन उभा राहतो, एकटा. मी पाहिलंय तसं, एकदा. परत नाही पाहायचं."

पाखोमोवचे दात वाजत होते. सावेलिचनं ते ऐकलं, आणि आपल्या निळ्या कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत एकेक करून काढली. आत नुसतं जाकीट होतं, कोपरं फाटलेल्या सदऱ्यावर.

"हा घाला. हा माझा आहे. हा कुणी ठेवायला दिलेला नाही."

पाखोमोवनं तो खांद्यावर घेतला आणि बाकावर बसला. आतून तुमानिनचा आवाज येत होता, पाण्याखालून यावा तसा.

"काय चाललंय तरी काय आत?" पाखोमोवनं विचारलं.

"शहर निघालंय."

"कुठे?"

"ते अजून सांगितलेलं नाही. पण सुटलंय बरंचसं."

"वायबोर्ग भाग?"

"तो नवव्यात सुटला, धुरांड्यांसकट. तुम्ही आतच होतात की."

"मी हिशेब करत होतो कधी संपेल त्याचा," पाखोमोव म्हणाला. मग म्हणाला, "पाइप कारखान्याच्या मागं माझी आई राहते. दुसऱ्या मजल्यावर."

"मग त्याही निघाल्या असणार. झोपेतच. तुम्ही काळजी करू नका, त्यात कुणाची बशीसुद्धा फुटत नाही."

कविता पावणेसातला संपली. सावेलिचनं त्रेसष्ट कोट बारा मिनिटांत परत केले, एकही चुकला नाही. पाखोमोवनं जॅकेट घातलं, निळा कोट घडी करून कठड्यावर ठेवला आणि खिशातून कागद काढला. दौतीतली शाई गोठली होती, म्हणून शिसपेन्सिलीनं लिहिलं. माझ्याकडे त्याची नक्कल आहे: 'प्रत्येक वाचनाला किमान साठ कोट जमा होत असतील तोपर्यंत जागा आवश्यक. तपासणीत साठाहून कमी आढळल्यास जागा रद्द.'

"यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही," तो म्हणाला. सहाचं काम बुडालं होतं.

अशा रीतीनं एका म्हाताऱ्याचा कोपरा उबदार राहावा म्हणून रशियन कविता दोन हिवाळे स्वेटरवर वाचली गेली. याचे वाङ्मयीन परिणाम झाले. कविता आखडल्या. सुनीतं बारा ओळींची झाली, विशेषणं गेली, कडव्यांमधली मोकळी जागासुद्धा लोक भरभर वाचू लागले. पुढे एका विद्वानानं आमच्या त्या काळच्या कवितेवर चाळीस पानी लेख लिहिला: युगाचा तुटलेला श्वास वगैरे. मी त्याला उणे चारबद्दल पत्र लिहिलं होतं. त्यानं ते संदर्भात घेतलं नाही. एकट्या तुमानिननी काही आखडलं नाही. त्यांची वाचनाची पाळी आली की लोक घरून दोन पायमोजे घालून यायचे.

पण साठ हा आकडा लिहिला तेव्हा पुढच्या वर्षाचा विचार कुणी केला नव्हता. माणसं कमी होऊ लागली. काही जण आखाताच्या बर्फावरून चालत फिनलंडला गेले. काही टायफसनं गेले. दोघांना ऑगस्टात घरून मोटारीत घालून नेलं, त्यानंतर आम्ही बोळकांडीत त्यांची नावं घेणं सोडलं. प्लातोन आर्सेनिच त्याच शरदात वारले. दाखल्यावर 'हृदय' लिहिलं होतं. दुसऱ्या जानेवारीत वाचनाला पस्तीस माणसं असायची.

एक दिवस रिम्मा ल्वोव्नानं कठड्यावर दोन कोट ठेवले. एक तिचा, एक पुरुषी, करडा.

"हा कुणाचा?" सावेलिचनं विचारलं.

"बोरिसचा." बोरिस तिचा नवरा, मोटारीतून नेलेल्या दोघांपैकी एक.

"ते आले नाहीत."

"नाही."

"मग मला घेता येत नाही, बाईसाहेब. कोट माणसाबरोबर येतो."

"सावेलिच, तुमच्याच साठासाठी आणलाय! बाजारात याचं अर्धं पोतं पीठ मिळालं असतं."

"कळतंय मला. पण नुसता कोट टांगला तर ते दुकान झालं, बाईसाहेब."

तिला राग आला. मला वाटलं, निघून जाईल. ती तशीच उभी राहिली, मग कठड्यावर दोन्ही हात टेकून, कुणाकडे न बघता, तिनं बोरिसची एक कविता म्हटली. आठ ओळी, खिडकीत ठेवलेल्या सुरईबद्दल. सावेलिच मान तिरकी करून ऐकत होता, दारामागून ऐकायचा तसा. तिचं म्हणून झालं तेव्हा त्यानं करड्या कोटाच्या खांद्यावरचं बर्फ झटकलं.

"आता आले," तो म्हणाला. "सत्तावीस नंबर."

त्यानंतर ती पद्धतच पडली. बायका, भाऊ, शेजारी घरातले कोट आणायचे. कठड्यापाशी, ज्याचा कोट त्याच्या ओळी म्हणायच्या, बिल्ला घ्यायचा, संध्याकाळी कोट परत न्यायचा. रांगेत हलक्या आवाजात पाठांतर चालायचं. छापायला कागद नव्हता, हस्तलिखितं चुलीत गेली होती. त्यामुळे काही जणांच्या कविता पुढे त्या रांगेमुळेच सापडल्या. चार ओळी पुरायच्या, पण चुकलं तर सावेलिच मान हलवायचा आणि पुन्हा म्हणायला लावायचा. त्याला सगळ्यांच्या यायच्या. ऐकत नाही म्हणायचा.

तुमानिनचा बीव्हर कॉलरचा कोट त्यांच्या विधवेनं दुसऱ्या कुणाला नाही, मकार दुबिनला दिला. का, ते तिलाच ठाऊक. तो हिरव्या बनातीवर तो कोट घालून यायचा आणि आधी तो उतरवायचा.

मार्चच्या सुरुवातीला पाखोमोव तपासणीला आला. त्या दिवशी आखातात, बंड केलेल्या क्रोनश्टाट बेटाच्या बाजूला, तोफा चालू होत्या. प्रत्येक दणक्याला खुंट्यांवरचे बिल्ले किणकिणायचे. तो थकलेला दिसत होता, एका बाहीवर शोकाची काळी पट्टी. त्यानं कोट मोजले. बासष्ट. मग दिवाणखान्याचं दार उघडून आत पाहिलं आणि मान परत बाहेर काढली.

"आत एकतीस माणसं आहेत."

सावेलिच उभा राहिला. थाप मारायला जागा होती: बाकीचे मागच्या खोलीत आहेत, चहाला गेलेत, काहीही. सावेलिचनं त्याला सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोट कुणाचे, कुणी आणले, घेताना काय म्हणून घेतलं जातं. नावंही सांगितली, ज्यांची आम्ही घेत नव्हतो तीसुद्धा. मी खाली बघत राहिलो.

पाखोमोवनं पहिल्या ओळीतल्या फरच्या कॉलरकडे बोट केलं. "हा त्या म्हाताऱ्याचा ना?"

"हो."

"कोण म्हणतं त्याचं?"

मी आतून दुबिनला बोलावून आणलं. तो आला, पाखोमोवला पाहून त्याचा चेहरा पडला.

"नववा भाग येतो?" पाखोमोवनं विचारलं.

"येतो," दुबिन म्हणाला. "मला तो आवडत नाही, हे आधी सांगून ठेवतो."

आणि त्यानं म्हटला. उड्या न मारता, हात खिशात घालून, जवळजवळ कुजबुजत. वायबोर्गची धुरांडी एकामागून एक दोर सोडतात, रांगेतल्या घरांच्या खिडक्यांत कुणी जागं होत नाही, पाणी जिन्यांच्या पायऱ्या मोजत वर येतं आणि कुणालाही न भिजवता परत जातं. बाहेर दणके बसत होते. बिल्ले किणकिणत होते. पाखोमोव जिथे उभा होता तिथेच होता, टोपी मात्र त्यानं केव्हातरी काढली होती.

दुबिनचं म्हणून झाल्यावर त्यानं कागद कठड्यावर पसरला आणि पेन्सिल ओली केली.

"कॉम्रेड," मी म्हटलं, "माणसं मात्र..."

"कागदात कोट लिहिलंय," पाखोमोव म्हणाला. "माणसं मोजायला मला कुणी सांगितलेलं नाही."

त्यानं बासष्ट लिहिलं, सही केली, आणि काळ्या पट्टीची बाही जपून सोडवत जॅकेट काढायला लागला. सावेलिचनं पुढे होऊन त्याला हात दिला.